लॉंग माउंटनची हळद

१. लिगायाच्या शालीवर हळदीचा पंजा उमटला.
२. तिला न विचारता मी ती शाल धुतली.
३. पंजा गेला.

आता प्रवास. लिगाया चित्रं काढते, विणते, नाचते, टेपवर आवाज जमवते. जन्म मनिलाचा, वाढली कॅलिफोर्नियात. आजोबा हवाईत ऊसतोडीला गेलेले. उसामागे देश सोडलेल्यांच्या नातवंडांवर तिला काम करायचं होतं, म्हणून १९८४च्या ऑगस्टमध्ये आम्ही मॉरिशस गाठलं. मी इचलकरंजीत कापडरंगाईच्या प्रयोगशाळेत असते. झाडांचे रंग तपासणं आणि तिथल्या मराठी कुटुंबांचं बोलणं तिला समजावणं माझ्याकडे होतं.

मुक्काम क्युरपिपला केलात तर स्वेटर आणि छत्री दोन्ही न्या. लॉंग माउंटनसाठी पोर्ट लुईला बस बदलायची. स्टँडवर गरम दालपुरी मिळते, ती खाऊनच पुढे निघा. बसमध्ये कंडक्टरने लिगायाला विचारलं, "शिन्वा?" म्हणजे चिनी का. मग, "जपानी?"

ती मला म्हणाली, "मी कोण ते ठाऊक असतं तर इतक्या लांब आले असते का?"

लॉंग माउंटन गावात, आम्हाला बोलावणाऱ्या सावित्रीकाकींच्या पुतणीची हळद होती. अंगणात बायका एकमेकींना माखत होत्या. काकींनी लिगायाला काहीच विचारलं नाही. "विरे, तिफी! पाठ कर गो पोरी," म्हणत हळदीने भरलेला हात तिच्या पाठीवर थापला. अंगावरची शाल तिच्या आईची, अननसाच्या धाग्याची.

"आणि तू गो, लांब का? हळद चावते काय?"

"डाग जात नाहीत, काकी."

"मग बरंच की!"

सगळ्या हसल्या. मी जागची हलले नाही.

रात्री तिथेच राहिलो. सकाळी लिगाया ऊसतोड्यांची चित्रं काढायला शेतात गेली आणि मी शाल धुतली. साबणाने पंजा लाल झाला, लिंबाने पुन्हा पिवळा, उन्हात फिका. तीनपर्यंत काही उरलं नाही. काम चोख झालं, असं मला वाटलं.

लिगायाने शाल दोन्ही बाजूंनी पाहिली. "प्रदर्शनात मधोमध ही लावणार होते."

"काकींना पुन्हा हात लावायला सांगू?"

"मागून घेतलेला नको."

परतीच्या बसमध्ये ती पुढच्या बाकावर एकटी बसली.

घरी येऊन तीन महिने झाले. तिचं पत्र आलं: प्रदर्शन मार्चमध्ये आहे, शाल त्यात नाही. उलट टपाली मी माफी मागितली. ती दोन ओळींत संपली. माझ्या कपड्यांवर तर त्या दिवसाचा एक ठिपकासुद्धा नाही.

त्या हळदीत कोणी लिगायाचा पाठमोरा फोटो काढला असेल, तर १५ जानेवारीपर्यंत मला कळवा. नसेल, तरी कळवा.