दादासाठी पाहिलेली गाडी

आमच्या घरात चष्मा मला एकट्याला आणि पुस्तकंही माझीच, त्यामुळे कुठल्याही वस्तूचा निकाल माझ्याकडे येतो. मिक्सर, पाण्याची टाकी, भाचीचा नवरा, सगळं मी पसंत केलेलं. मिक्सर चांगला निघाला. त्याच न्यायानं गेल्या वर्षी वहिनीनं मला एक स्पोर्ट मोटरसायकल बघायला सांगितली.

"भाऊजी, तुम्ही हो म्हणालात तर मी गप बसेन," ती म्हणाली. "न्हाय म्हणालात तर ते गप बसतील. तसं ठरलंय आमचं."

'ते' म्हणजे माझा थोरला भाऊ. पन्नाशी ओलांडलेला, निजामपुऱ्यातल्या लूमवर, म्हणजे यंत्रमागांवर जॉबर, बिघडलेले लूम दुरुस्त करणारा. लूमच्या शेडमध्ये कोणी आवाजानं बोलत नाही, उपयोगच नसतो. ओठ हलवायचे आणि हातानं खूण करायची. परराज्यातला कारागीर आणि आमच्या गावचा माणूस तिथे एकाच भाषेत बोलतात, आणि ती कुणालाच ऐकू येत नाही. दादा घरी आला की बोलणाऱ्याच्या तोंडाकडे टक लावून बघायचा आणि स्वतः मोठ्यानं बोलायचा. मोठ्यानं तर सगळेच जॉबर बोलतात. टक लावून बघणं मात्र आम्हाला फार आवडायचं. दादाएवढं मन लावून कुणी ऐकत नाही, असं आई पाहुण्यांना कौतुकानं सांगायची.

त्याचे दोन्ही कान जवळजवळ गेले आहेत हे आम्हाला मानकोलीच्या नाक्यावर कळलं. मागून आलेला कंटेनर हॉर्न देत होता आणि दादा मोटरसायकलवर रस्त्याच्या मधोमध निवांत चालला होता. खांद्याचं हाड मोडण्यावर निभावलं. कंटेनरचा ड्रायव्हर रडकुंडीला येऊन सगळ्यांना सांगत होता, "इतना हॉर्न मारा साहब, ये आदमी हिला ही नहीं." नंतर कानाला यंत्र आलं. त्यातून फक्त लूम ऐकू येतो, माणूस नाही, असं दादाचं म्हणणं. ते यंत्र कपाटात आहे.

वहिनीनं मोटरसायकल विकून टाकली. मिसरूड फुटल्यापासून गाडीवर फिरलेला माणूस शेअर रिक्षात तिघांच्या मधे बसून जाऊ लागला. तो आजारी पडला नाही, चिडला नाही. फक्त कुठे जायचं म्हटलं की "तुम्ही जा" म्हणू लागला.

आणि एक दिवस त्यानं मोबाईल माझ्यापुढे धरला. शर्यतीच्या एका ट्रॅकवर नवशिक्यांना दिवसभर स्वतःची गाडी चालवू देतात, त्याचा व्हिडिओ होता.

"बघ. समोरून कोण येत न्हाय. मागचा हॉर्न मारत न्हाय, कारण हॉर्नचं कामच न्हाय तिथं. सगळं झेंड्यावर. पिवळा दाखवला, हळू. लाल दाखवला, बंद. माझ्यासाठीच बांधलाय रं हा रस्ता."

"नवशिक्यांसाठी आहे, दादा."

"मग? मी तिथं कवा गेलोय?"

बघायची गाडी आमच्या चुलतभावाची होती. हमरस्ता त्याच्या शेतातून गेला आणि आमच्या शेताला वळसा घालून गेला, त्यामुळे तो गोदामांचा मालक झाला आणि आम्ही त्याचे नातेवाईक राहिलो. त्यानं ही गाडी घेतली तेव्हा नाक्यावर फलक लागला होता. फलकावर तो मोठा आणि गाडी लहान. शुभेच्छुकांमध्ये माझाही फोटो होता, मला न विचारता. पुढे त्याला शोध लागला की या गाडीवर ओणवं बसावं लागतं आणि आपल्याला कंबर आहे. तेव्हापासून गाडी दिवाणखान्यात, चादरीखाली. "घरातल्या घरात राहील, घेऊन टाका," तो म्हणाला.

रविवारी त्याच्या गोदामाचं आवार रिकामं असतं. तिथे आम्ही जमलो. मी दोन आठवडे या गाडीची परीक्षणं ऐकून गेलो होतो. परीक्षण करणाऱ्यांच्या मते अशा प्रत्येक गाडीत एक चित्ता असतो. मला चित्ता नको होता. ट्रॅकवर पहिल्यांदा जाणाऱ्याला चुका पोटात घालणारी गाडी लागते, एवढं मला कळलं होतं. इंजिन लहान हवं, म्हणजे वळणात मूठ जास्त पिळली गेली तरी मागचं चाक निसटत नाही. घाईत गियर खाली टाकला तर चाक अडकू नये म्हणून घसरता क्लच हवा. ब्रेक जोरात दाबला तरी चाक जाम होऊ नये. वजन कमी हवं. हे सगळं त्या गाडीत होतं. पुढचे शॉकअप जरा मऊ होते आणि टायर कडक, पण नवशिक्याला त्या दोन्हींचा त्रास होण्याइतका वेग यायला वर्ष जातं.

दादानं माझं परीक्षण ऐकून, म्हणजे बघून घेतलं आणि हेल्मेट चढवलं.

पहिल्या चार फेऱ्या भयंकर होत्या. तो दुसऱ्या गियरमध्येच राहिला. इंजिन किंचाळत होतं, चुलतभाऊ त्याहून जास्त. "अरे गियर टाक, गियर! माझी गाडी मारतोय हा!" दादानं उभ्या आयुष्यात गियर कानानं बदलला होता. गियर कधी बदलायचा ते सांगायला मीटरवर लाल दिवा होता, पण नजर वळणावर ठेवायची म्हणजे दिवा दिसत नाही. पाचव्या फेरीला तो सरळ पट्ट्यात किंचित पुढे सरकला आणि दोन्ही गुडघे टाकीला घट्ट लावले. शेडमध्ये लूम कुठे अडतोय ते तो चौकटीवर तळहात ठेवून ओळखतो, ते मी पाहिलं होतं. आता गुडघ्यांनी तेच चाललं होतं. सहाव्या फेरीला गियर पडला. आठव्या फेरीपर्यंत इंजिनाचा आवाज इतका गुळगुळीत झाला की चुलतभाऊ गप्प झाला आणि मग म्हणाला, "च्यायला, मला कुणी असं शिकवलंच न्हाय."

बाहेरच्या बाजूनं वळणात यायचं, आतल्या कडेला टेकायचं, पुन्हा बाहेर सुटायचं. पाठ सैल, हात सैल. मोडलेला खांदाही सैल. किती तरी दिवसांनी मी त्याला कुणाच्या तोंडाकडे न बघता बसलेला पाहत होतो.

तेवढ्यात उभ्या असलेल्या एका कंटेनरच्या आडून वॉचमन जेवणाचा डबा घेऊन बाहेर आला. मी ओरडलो. चुलतभाऊ ओरडला. दादानं ब्रेक दाबला, गाडी सरळ रेषेत, एक थरथर घेऊन, वॉचमनच्या चार हात अलीकडे उभी राहिली. वॉचमननं शिव्या दिल्या. दादानं हात जोडले. कुणालाही काही झालं नाही. डब्यातली आमटीसुद्धा सांडली नाही.

यात दादाच्या कानांचा काही संबंध नव्हता. वॉचमनची पावलं मलाही ऐकू आली नव्हती, आणि हेल्मेटमध्ये आमच्या आरोळ्या चांगल्या कानाच्या माणसालाही पोचल्या नसत्या. उलट डोळ्यांनी पाहून तो वेळेवर थांबला होता. शिवाय ट्रॅकवर डबे घेऊन कोणी फिरत नाही. हे सगळं मला तिथल्या तिथे कळत होतं. पण ते चार हात मी दोनदा पावलांनी मोजून पाहिले, आणि निकाल माझ्याकडे होता.

घरी वहिनी दारातच उभी होती. "काय मग, भाऊजी?"

"दादा काय, उत्तमच चालवतो," मी म्हणालो. "पण गाडीत दम नाही. पुढचे शॉकअप फार मऊ आहेत. ट्रॅकवर घेऊन जाण्यासारखी नाही ही."

दादा माझ्याकडे बघत होता. यंत्रं हे त्याचं आयुष्य. ती गाडी कशी आहे हे त्याला माझ्यापेक्षा दहापट कळलं होतं. तो म्हणेल, खोटं बोलतोस. आणि मग मला खरं कारण सांगावं लागेल, अशी मी तयारी केली.

"हां," तो म्हणाला. "मऊ हायेत. टायर पन बरोबर न्हाईत." मग वाकून बुटांच्या नाड्या सोडू लागला. त्याला बराच वेळ लागला.

वहिनीनं चहा ठेवला. तिच्या चेहऱ्यावरचा भार उतरला होता, ते बघून मला बरं वाटायला हवं होतं.

"दुसरी बघू एखादी," मी दादाला म्हणालो.

"राहू दे रं. तुझा रविवार जातो."

पुढच्या महिन्यात कल्याणच्या एका शिक्षकाचा फोन आला. चुलतभावानं माझा नंबर दिला होता. त्यांना पहिल्यांदाच ट्रॅकवर जायचं होतं, ही गाडी घ्यावी का? मी त्यांना क्लच, ब्रेक, वजन, सगळं समजावलं. नवशिक्याला याहून चांगली गाडी मिळणार नाही, असं सांगितलं. त्यांनी ती घेतली. आपण खूप तटस्थपणे बोललात, असं ते म्हणाले.

दादानं व्हिडिओत दाखवलेला ट्रॅकचा दिवस आला तेव्हा मी दादाला स्कूटरवर मागे बसवून अकलोलीला कुंडावर नेलं. गरम पाण्यानं खांदा मोकळा होईल, अशी वहिनीची समजूत. रस्ता वळणांचा आहे. प्रत्येक वळणाला तो माझ्या आधी झुकायचा, अगदी जेवढं हवं तेवढंच. मी ब्रेक उशिरा लावला की त्याचे गुडघे माझ्या कमरेला घट्ट लागायचे. येताना मी म्हटलं, "दादा, तू चालवतोस का थोडी?" पण मी पुढे बघत होतो, त्यामुळे ते त्याला कळलं नाही, आणि गाडी थांबवून, मागे वळून पुन्हा विचारण्याचं धैर्य मला झालं नाही.