शेवग्यावरच्या कोंबड्या

दिवेलागणीच्या आधी ओसरीवरच्या बाजेवर पाठ टेकतो. डोळे मिटतात, तरी बागांतल्या शेकोट्यांचा धूर नाकात येत राहतो. थंडीनं द्राक्षं तडकू नयेत म्हणून सगळ्यांनीच पेटवल्यात.

हौसा येते. माझी बायको. उन्हाळ्यात गेली ती, पण ओले हात पदराला पुसतच येते. मी सरकून जागा करतो. ती बसत नाही. सरळ खुराड्याकडे जाते आणि वाकून आत बघते.

मी सगळं तिच्यासारखं केलंय. वाऱ्याच्या बाजूला गोणपाट शिवलंय, खाली भाताचा तूस अंथरून वर राख भुरभुरलीय, आत ओल धरू नये म्हणून वरचा झरोका मोकळा ठेवलाय. ती तूस चाचपते. चांगलं केलंत म्हणते. मग विचारते, "अन् कोंबड्या?"

त्या शेवग्यावर आहेत. ती गेल्यापासून त्या आत येतच नाहीत. काल रात्री तुऱ्याची कोंबडी गारठून खाली पडली, सकाळी मला सापडली. हे मी सांगत नाही. तिला ठाऊक आहे.

"बोलवा की."

ती कशी बोलवायची ते मला माहीत आहे. तीऽ ती ती ती. गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू जायचं. पण आता आमचं अंगण म्हणजे देवळापुढचा पार आहे. शेजारचा भिका आणि बाकीचे गडी तिथं बसून माझ्या तोंडाकडे बघतायत. एवढ्या मिशा घेऊन मी बायकी आवाज काढायचा. कान तापतात. मी नुसता घसा खाकरतो.

हौसा हसते. "तशानं मी यायची. त्या नाही यायच्या."

मी खाली बघतो. सारा जन्म तिला नावानं हाक मारली नाही. दारात खाकरायचो, ती हातातलं टाकून यायची.

पारावर आता कोणी नाही. ती माझ्या हातात काहीतरी ठेवते आणि बोटं मिटवते. तिचा हात गार आहे.

"अंधार पडायच्या आत," म्हणते.

जाग येते तेव्हा अजून थोडा उजेड आहे. उजवी मूठ घट्ट मिटलेली. उघडतो, तर तांदळाच्या कण्या, घामानं तळव्याला चिकटलेल्या. तिच्या कण्या कधीच संपल्या. हल्ली मी कोंबड्यांना बाजरी टाकतो.

शेवग्यावर त्या अंग फुगवून बसल्यात. कुंपणापलीकडे भिका गाईला पाणी दाखवतोय. मी अंगणाच्या मधोमध उभा राहतो. खाकरत नाही.

"तीऽ ती ती ती."

भिका वळून बघतो. कान तापतात. मी परत बोलावतो.