‘लवकरच’ नावाचं पुस्तक

“ताई, अप्पांनी भर चर्चमध्ये ‘लवकरच, काम सुरू आहे’ असं वाचलं. लोक हसून हसून बेजार!” हिमायतनगरहून मार्थाबाईंचा फोन होता. मी लातूरला एका कोचिंग क्लासच्या ऑफिसात हजेरीचं सॉफ्टवेअर अपडेट करत बसले होते. “आता ते म्हणून राहिले, मी पुन्हा वाचायला उभा राहनार न्हाई.”

मार्थाबाई निवृत्त शिक्षिका, अप्पा त्यांचे वडील. रविवारी चर्चमध्ये बायबलचा उतारा वाचायचं काम वर्षानुवर्षं अप्पांचं. नजर अधू झाली, छापील अक्षर दिसेना, वाचन सुटलं. मग टॅबलेटवर अक्षर बोटाएवढं करून ते परत वाचायला लागले. त्या आकारात स्क्रीनवर एकच ओळ मावते. जे समोर आलं, ते त्यांनी खणखणीत वाचलं.

मी ख्रिस्ती नाही. देवनागरी अक्षरं मोबाईलवर नीट उमटावीत म्हणून बायबल वाचायच्या ॲपच्या या ओपन सोर्स प्रोजेक्टमध्ये शिरले आणि राहिले. ओपन सोर्स म्हणजे कोड सगळ्यांना खुला, काम बहुतेक बिनपगारी.

बायबल म्हणजे जुना करार आणि नवा करार अशा दोन भागांतला पुस्तकांचा संच. एका भाषांतराच्या फाईलला मॉड्यूल म्हणतात. सोबत एक छोटी माहितीफाईल असते. तिच्यातली ‘स्कोप’ ही ओळ सांगते, की मॉड्यूलमध्ये कोणती पुस्तकं आहेत. ॲप तेवढीच नावं यादीत दाखवतं. मार्थाबाईंच्या चर्चची मंडळी नांदेडकडच्या बोलीत बायबलचं भाषांतर करतात. काम अर्ध्यावर आहे. तरी यादीत सगळीच पुस्तकं दिसत होती. त्यात योना नावाचं पुस्तक दिसलं, म्हणून पाळकांनी, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूंनी, त्यातला उतारा लावला.

फाईल उघडली. न झालेल्या प्रत्येक पुस्तकात एकच ओळ होती: ‘लवकरच, काम सुरू आहे.’

“हे ‘लवकरच’ कुणी टाकलं, बाई?”

“मीच. पाहुणा आला अन् ताट कोरं, बरं दिसतंय का?”

स्कोप ठरवणारं टूल एवढंच बघतं, की पुस्तकात मजकूर आहे का. होता. त्यानं ‘आहे’ लिहून टाकलं. टूलचं काही चुकलं नव्हतं.

मी पुण्याला विक्रमसरांना फोन लावला. ते प्रोजेक्टचे प्रमुख.

“सोपं आहे मॅडम. ज्या ओळीत ‘लवकरच’ असेल ती रिकामी धरायची, दाखवायची नाही. फिल्टर टाका.”

“आधी शोधून बघते.”

शोधलं. न झालेल्या पुस्तकांपेक्षा काही ओळी जास्त निघाल्या. त्यातली एक शेवटच्या पुस्तकाच्या अगदी शेवटी होती.

“सर, तिथे प्रभूनं लवकरच परत येण्याचं वचन दिलंय. तुमच्या फिल्टरनं ते उडेल.”

“फिल्टर नको,” सर म्हणाले.

मग ओळी मुळातूनच काढायच्या ठरल्या. त्याला मार्थाबाई तयार होईनात.

“यादी उघडीबोडकी दिसंल, ताई. लोक म्हणतील, इतक्या वर्षांत एवढंच?”

“बाई, माझ्या खिडकीसमोर एका क्लासचा बोर्ड आहे. चार विषय, चार सरांचे फोटो. शिकवायला येतात एकच सर. पोरांना हे फी भरल्यावर कळतं.”

त्या हसल्या, पण हो म्हणाल्या नाहीत. मग मी त्यांना माझ्या पहिल्या नोकरीचं सांगितलं. भूकंपानंतर मी पुनर्वसनाच्या याद्या टाईप करायची. त्यात ‘घर मंजूर’ आणि ‘घर ताब्यात’ असे दोन रकाने. एकातलं नाव चुकून दुसऱ्यात गेलं, तर पत्र्याच्या शेडमधला माणूस कागदावर पक्क्या घरात राहायला जायचा. मग त्याची दाद कुणी घेत नसे.

“अप्पा कागदावरच्या घरात गेले, बाई.”

“काढा मग,” मार्थाबाई म्हणाल्या.

ओळी काढल्या, टूल पुन्हा चालवलं. स्कोप आला: नवा करार पूर्ण, जुन्यातली फक्त रूथ आणि स्तोत्रसंहिता ही दोन पुस्तकं. प्रत्येक पुस्तकाचं पहिलं आणि शेवटचं पान उघडून तपासलं, मगच फाईल पाठवली. विक्रमसरांनी सूचनापत्रात सगळ्या भाषांसाठी नियम घातला: जे पुस्तक झालेलं नाही, त्यात एक अक्षरही लिहू नये.

अप्पा मात्र अडून बसले होते. शनिवारी त्यांनी टॅबलेट मागून घेतला. जुन्या कराराची यादी उघडली. दोनच नावं. दोन्ही पुस्तकं त्यांनी शेवटपर्यंत सरकवून पाहिली. म्हणाले, “आता जेवढं दिसतंय तेवढं हाय.” रविवारी उभे राहिले आणि रूथचा उतारा सबंध वाचला.

बाहेर पडताना कुणीतरी टोमणा मारलाच, “अप्पा, योना कधी?”

“लवकरच,” अप्पा म्हणाले. या वेळी लोकांना त्यांनीच हसवलं.

काम सुरू आहे हे सांगायला हरकत नाही. फक्त ते तोंडानं सांगावं, झालेल्या कामाच्या रकान्यात लिहू नये.