दोन नावांचा अर्ज

इलाइट चौराह्यावर आयकराचे फॉर्म भरणारे भैयाजी आधी कान खाजवतात, मग बोलतात. माझा रिफंड अडला तेव्हा म्हणाले, "डूबा नहीं है, बहनजी. पैन पर एक नाम, बैंक में दूसरा. नाम मिलेगा, तब आएगा."

"हमारे यहाँ शादी में लड़की का नाम बदलते हैं," मी हळूच म्हटलं.

"तो बैंक को यही लिखिए. अपने हाथ से."

मी चौथी शिकलेली. चार ओळींना अर्धा तास लागला. ते इतरांवर खेकसत होते, मला मात्र घाई केली नाही.

काल रिफंडचं विचारायला गेले, तर एका कोटवाल्या साहेबांना ते माझ्या अर्जाची झेरॉक्स दाखवत होते. "साहब, ऐसा साफ़ लिखिए."

रिफंड अजून आलेला नाही. मी न विचारताच घरी आले.