जाईबाईची भांडी आणि आमची गल्ली

देवराव मास्तरांची बदली धारणीला झाली, तेव्हा जठारपेठेतल्या आमच्या गल्लीत सगळ्यांत जास्त हाल झाले ते त्यांच्या बायकोच्या, जाईबाईच्या भांड्यांचे. साल बासष्ट. धारणीचा रस्ता नावापुरता, त्यात जीप उसनी. मास्तरांनी बजावलं, दोन पेट्या मावतील तेवढंच घ्यायचं. बाकीचं कुणाला देऊन टाक, नाहीतर सगळं मोडीत.

मोडीत म्हणजे वितळून जाणार. ते पितळ जाईबाईच्या आईने बार्शीटाकळीला दुसऱ्यांच्या शेतात निंदण करून एकेक घेतलेलं होतं. मग मुलीसाठी स्थळं बघावीत तशी जाईबाई भांड्यांसाठी घरं बघू लागली. शेजारच्या चतुराबाईकडे पाहुण्यांचा राबता, म्हणून परात तिला. कुणाला डबा. मला गंज, म्हणजे वरणाचं पातेलं. उरला पाण्याचा गुंड. पोटाला पोचा, बुडाला भोक. त्याला कोण घेणार? डोळे पुसत तिने तो कल्हईवाल्या अब्दुल गफ्फारकडे मोडीत दिला.

वापरलेलं भांडं दान म्हणून कुणाच्या हातात ठेवायचं तिच्या जिवावर आलं. ती नुसतीच प्रत्येकाच्या ओट्यावर ठेवून आली, न बोलता. झालं! भांड्यांवर तिचं नाव कोरलेलं. घाईत विसरली बिचारी, असं म्हणून संध्याकाळी सगळी गल्ली भांडी घेऊन तिच्या दारात. आणि भांडं रिकामं परत करायची आमच्याकडे पद्धत नाही. परातीत पापड आले, डब्यात शंकरपाळे. मी गंजभर आंबट वरण नेलं आणि स्वतःवर भलतीच खूश होते.

"तुमाले देलं होतं ना वं," जाईबाई रडकुंडीला येऊन म्हणाली, "वापस काहून आणून राहिल्या?"

विसरल्याचं लपवतेय असं वाटून आम्ही पदर तोंडात कोंबून हसलो आणि भांडी तिथेच ठेवून आलो. दुसऱ्या दिवशी तिने भांडी पुन्हा पाठवली. पण तीही रिकामी कशी पाठवणार? भरून पाठवली. आम्हाला वाटलं, निरोपाचं जेवण आहे. खाल्लं, घासलं, भरलं, परत नेलं. मास्तर डोक्याला हात लावून बसले.

शेवटी भांड्यांवरचं नाव खोडायला बोलावलेले गफ्फारभाई छिन्नी घेऊन ओट्यावर आले. "नाव खोडलं तं भांडं खराब होते, भाभी," ते म्हणाले. "जोडता येते." मास्तरांनी खडूने अक्षरं काढून दिली आणि गफ्फारभाईंनी जाईबाईच्या नावापुढे ठोकलं: 'कडून चतुराबाईले'. मग माझं नाव. शाळेच्या मास्तरांनी 'ला' सोडून 'ले' लिहिलं, हे मी अजून सांगते.

निघायच्या दिवशी पेट्या जीपमध्ये चढल्या आणि गफ्फारभाई आले, त्यांच्यापुढे त्यांची मुलगी बिल्कीस धावत. तिच्या हातात तोच गुंड. पोचा काढलेला, भोक डाग देऊन बुजवलेलं, आत काठोकाठ शेवया. पोटावर कोरलं होतं: 'गल्लीकडून जाईबाईले'.

"हे तं मोडीत देलं होतं," मास्तर म्हणाले.

"आता कसं देता?" गफ्फारभाई म्हणाले. "नाव हाय त्याच्यावर."

जाईबाई हसता हसता रडायला लागली आणि रडता रडता गुंडाला बिलगली. जीपमध्ये तर बोट शिरायला जागा नव्हती. मास्तरांनी आधी पेट्यांकडे पाहिलं, मग बायकोकडे, आणि मुकाट्याने हात पुढे केले. जीप कोपऱ्यावर वळली तेव्हा मास्तर काही दिसेनात. त्यांच्या मांडीवरचा गुंड तेवढा दिसत होता.