फाटकावरून आत

बायको सुगरा गेल्यापासून गैबीचाचांच्या घरात बोलायला कुणी उरलं नव्हतं. दिवसभराचं सगळं बोलणं व्हायचं ते मार्केट यार्डात, बाळाप्पाशेटांच्या गुळाच्या गोदामाच्या फाटकावर, जिथं ते राखणदार होते. गाडी आली की चाचा आधी गाव विचारत, मग ऊस कसा आहे, मग लेकीचं जमलं का. फाटक त्यानंतर उघडे. कागलच्या एका ड्रायव्हरच्या आईचा गुडघा कुठल्या थंडीत दुखतो, हेही त्यांना ठाऊक होतं.

२००९च्या दिवाळीनंतर शेटांनी कॅमेरे आणले. कॅमेरे एका कंपनीचे, चित्र साठवणारं यंत्र दुसरीचं, कारण ते स्वस्त पडलं. कुठल्याही कंपनीचं एकमेकांशी जुळतं, असा शिक्का दोन्ही खोक्यांवर होता.

"फाटकाशी कोण हललं की आत घंटी वाजणार," शेट म्हणाले. "चाचा, तुमी आता घरी आराम करा."

चाचांनी फाटकाची कडी उगाच लावून बघितली. घरी बसून करायचं काय, हे शेटांना कसं सांगायचं?

जोडणी करणारा तोहिद दोन दिवस शिडीवर चढला-उतरला. पडद्यावर चित्र स्वच्छ आलं. घंटी काही वाजेना.

"आरं, शिक्का हाय की दोन्हीवर!" शेट खेकसले.

"शिक्का चित्रापुरता हाय, शेट. हालचालीची खबर आन् आवाज ज्येनं त्येनं आपल्या पद्धतीनं पाठवायचं ठिवलंय. ह्येचं त्येला कळत न्हाय."

"म्हंजे लगीन लागलं, पर नवरा-बायकू बोलंनात!" कृष्णात हमाल म्हणाला. सगळे हसले. चाचा सगळ्यांत मोठ्यानं हसले. नोकरी वाचली होती.

शेट मात्र पडद्याकडं बघत होते. "यंत्र परत घेत न्हाईत," ते म्हणाले. "चाचा, उद्यापासनं तुमी आत बसा. गाडी दिसली की घंटीचं बटण दाबा, हमाल फाटक उघडतील."

आतली खोली थंड होती आणि दार लावलं की यार्डातलं काहीच ऐकू येत नसे. दुसऱ्या दिवशी दुपारी फाटकाशी गारगोटीची गाडी लागली. ड्रायव्हर खाली उतरला, कृष्णातच्या कानाशी वाकून काहीतरी म्हणाला. कृष्णातनं कपाळावर हात मारला आणि दोघंही हसत सुटले. चाचांनी खुर्ची पुढं ओढली.

"काय म्हणला रं?" त्यांनी विचारलं.

पडद्यावर दोघांचे खांदे हलत होते. बटणावर बोट ठेवून चाचा तसेच बसून राहिले. दाबलं असतं, तर गाडी आत गेली असती आणि पडद्यावर रिकामं फाटक उरलं असतं.