छातीचा पट्टा आणि गिळलेली चार वर्षं

मला दोन वयं आहेत, एक जन्माचं आणि एक लग्नाचं.

सासरे हेडमास्तर. त्यांची अट होती की मुलामुलीत सहा वर्षांपेक्षा जास्त अंतर नको. आमच्यात होतं दहा! माझ्या आत्याने मधली चार वर्षं गिळली आणि वर "आम्ही पत्रिका मानत नाही हो" असं ठणकावून सांगितलं. (ही आत्या मुहूर्त पाहिल्याशिवाय भाजीलाही जात नसे.) बायकोला, म्हणजे नलूला, हे कळलं तर काय, या धास्तीत मी संसाराची बारा वर्षं काढली.

मग डॉक्टरांनी पळायला सांगितलं आणि नलूच्या भावाने, सुधीरने, अमेरिकेहून एक घड्याळ आणलं. छातीला पट्टा बांधायचा, मनगटावर ठोके दिसतात. ठोके मर्यादेबाहेर गेले की घड्याळ कोकलतं. मर्यादा काढायची ती दोनशेवीसातून वय वजा करून.

"भाऊजी, वय किती टाकू?"

"अडतीस," नलूच म्हणाली. मी मान डोलावली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सुकापूरच्या रस्त्याला लागलो. तेव्हा आमच्या खांदा कॉलनीत पळणारा माणूस एकतर बस पकडत असे, नाहीतर कुत्रा चुकवत असे. मला तिसरीच काळजी. हृदय बेचाळीसचं, घड्याळ समजतंय अडतीसचं! ते गप्प आहे म्हणजे मी सुखरूप आहे, की त्याच्या गैरसमजात मरणार आहे? दर दहा पावलांना मनगट बघत होतो. गवताचा भारा घेतलेली एक म्हातारी थांबली.

"कोन मागं लागलंय रं बाबा? कुत्रा त दिसत नाय."

शेवटी जिवाची भीती बायकोच्या भीतीहून मोठी ठरली. बिल्डिंगच्या जिन्याखाली उभं राहून मी घड्याळात बेचाळीस टाकलं आणि चार मजले धावत चढलो. दारात नलू. तिने कौतुकाने माझं मनगट धरलं आणि एक बटण दाबलं.

"अहो, यात बेचाळीस का दिसतंय?"

"सुधीरने चुकून टाकलं असेल."

घड्याळ कोकललं.

"खरं सांगा."

"अगं, परदेशी वस्तू, तिचा काय भरवसा..."

ते पुन्हा कोकललं. शेजारच्या काकूंनी दार उघडलं. मी नलूला आत ओढलं आणि आत्यासकट सगळं ओकून टाकलं. तसं घड्याळही गप्प झालं. मला स्वतःची फार लाज वाटली.

"बेचाळीसच राहू दे," ती म्हणाली. "जिवाशी खोटं नको. पण बाबांसमोर अडतीसच. त्यांना कळलं तर ते या घरात पाऊल ठेवणार नाहीत."

माझे डोळे भरून आले.

"आणि तोंड पुसा. ते येतायत, घड्याळ बघायला."

मी तसाच उलट्या पावली जिना उतरलो आणि पळत सुटलो. तेव्हापासून सासरे येणार म्हटलं की मी पळायला जातो. सासरे निवृत्त आहेत, दोन बिल्डिंग सोडून राहतात आणि रोज येतात. डॉक्टर म्हणतात, इतका नियमित पेशंट त्यांनी पाहिलेला नाही.